शहामृगाचा गुडघा कुठे असतो?

शहामृग एका लाथेत सिंह लोळवतो, हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असते. लाथ जबर असते, तिने माणसे दगावली आहेत, यात वाद नाही. पण सिंह दिसला की शहामृग आधी पळतो. लाथ मारायची वेळ आलीच, तर ती घोड्यासारखी मागे झाडत नाही, पुढे मारतो. असे का, ते त्याच्या पायाच्या रचनेत आहे.

ही रचना समजायला इंदूरकरांनी यशवंत सागर तलावावरचा सारस नीट पाहिला तरी पुरे. पायाच्या मधोमध मागे दुमडणाऱ्या सांध्याला बरेच जण ‘उलटा गुडघा’ म्हणतात. तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला, पोटाला लागून असतो. घोट्याखालचा लांब दांडा म्हणजे आपल्या तळपायातली हाडे जुळून झालेले एकच हाड. पक्षी चालतो तो बोटांवर.

शहामृगात हीच रचना पळण्यासाठी टोकाला गेली आहे. वजन 100 ते 150 किलो, तरी वेग ताशी 70 किमीपर्यंत. पायाचे बहुतेक मांस मांडी आणि पोटरीच्या वरच्या भागात. खाली फक्त हाड आणि लांब कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. त्यामुळे पायाचे टोक हलके राहते आणि झटकन पुढे येते. पाऊल टेकले की बोटांच्या बुडाचा सांधा वाकतो, कंडरा गलोलीच्या रबरासारख्या ताणल्या जातात आणि पाऊल उचलताना ती ऊर्जा परत मिळते. स्नायूंचे काम तेवढे वाचते. घोट्याच्या बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) हाडाच्या उंचवट्यावर असे ताणून बसतात की सरळ झालेला सांधा सहजी दुमडत नाही. उभे राहण्याचे श्रमही कमी. बोटे दोनच, आणि मोठ्या बोटाला खुरासारखे जाड नख. त्यात मांडीचे हाड जवळजवळ आडवे असते, म्हणून वर उचललेला पाय ताणला की तो पुढे आणि खालीच जातो. बाजूला किंवा मागे मारायला सांध्यांत वावच नाही.

म्हणून शहामृग पाळणारे समोरून जात नाहीत. बाजूने किंवा मागून जाऊन मानेला आकडीच्या काठीने धरतात आणि डोक्यावर कापडी टोपी चढवतात. दिसेनासे झाले की पक्षी शांत होतो. (काही वर्षांपूर्वी एमूपालनाची लाट आली, तेव्हा ‘एमूच्या तेलाने सांधेदुखी जाते’ असा प्रचार झाला. पक्ष्याचे सांधे दणकट आहेत म्हणून त्याच्या चरबीने आपले सुधारत नाहीत.)

शहामृगासारख्याच न उडणाऱ्या कॅसोवरी या मोठ्या पक्ष्याला तीन बोटे, आणि आतल्या बोटाला 12 सेंमीपर्यंत लांब, सुरीसारखे नख. 1926 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये दोन भाऊ एका कॅसोवरीला मारायला गेले. थोरला पळताना पडला आणि गळ्यावर लाथ बसून मेला. तिथे आजही सांगतात: पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका, मध्ये झाड किंवा पिशवी धरा, आणि खाऊ घालू नका. माणसांवर हल्ले करणाऱ्यांत अशा चटावलेल्या पक्ष्यांचाच भरणा असतो.

न्यूझीलंडच्या काकापोला असे पाय नाहीत. धोका जाणवला की हा न उडणारा हिरवा पोपट जागीच थिजतो. नजरेने शिकार शोधणाऱ्या गरुडापुढे ही युक्ती चालली. वासाने येणाऱ्या मांजरांपुढे आणि उंदरांपुढे ती उपयोगाची नव्हती, कारण काकापोला उग्र गंध असतो. उरलेले अडीचशेच्या आसपास पक्षी आज मुख्यतः असे शत्रू नसलेल्या बेटांवर सांभाळले जातात.