वाड्याचा इतिहास शोधताय? आधी नंबर जुळवा

"आमच्या वाड्याचा संपूर्ण इतिहास मिळावा, ही नम्र विनंती." असा अर्ज पुण्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत द्या, उत्तर ठरलेलं आहे: मागणी मोघम आहे, सबब माहिती देता येत नाही. अर्जदार चिडतो, आणि चिडणं बरोबरच आहे; दोन ओळींत नीट समजावून सांगायला कुणाचं काय जातं? पण इथे कारकूनही अगदीच चुकीचा नसतो. 'इतिहास' नावाची फाइल कुठल्याच कपाटात नसते. असतात त्या नोंदवह्या, उतारे, नकाशे आणि दस्त. तेही लावलेले असतात नंबराने. वाडा गावभर कुणाच्या नावाने ओळखला जातो, हे दप्तराला ठाऊक नसतं.

आणि नंबर एक नसतो, हीच खरी गोम. जुन्या पत्त्यात असतो तो पेठेतला घर क्रमांक, '412 अमुक पेठ' अशा थाटाचा. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या हक्काची नोंद असलेल्या प्रॉपर्टी कार्डावर, असतो सिटी सर्व्हे नंबर. महापालिकेच्या टॅक्सच्या बिलावर तिसराच, मिळकत क्रमांक. डेक्कन-शिवाजीनगर बाजूला त्यात नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर येऊन मिळतो. एका कचेरीचा नंबर दुसरीत चालत नाही. माझ्या पाहण्यातले निम्म्याहून अधिक अर्ज याच कारणाने परत आले. टॅक्सच्या बिलावरचा आकडा सिटी सर्व्हेच्या अर्जात लिहिलेला, मग 'सदर क्रमांकाची मिळकत आढळून येत नाही' असा शेरा आणि महिना वाया. म्हणून आधी एका कागदावर सगळे नंबर शेजारी शेजारी मांडा. टॅक्सचं बिल, विजेचं जुनं बिल, एखादं खरेदीखत किंवा भाडेपावती, जे हाताशी असेल ते घ्या. खरेदीखताच्या शेवटी मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा असतात. तिथे बहुतेक वेळा दोन नंबर एकत्र सापडतात. तोच तुमचा पूल.

वाडा पेठेत नसून कॅम्पात, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल, तर सिटी सर्व्हेच्या खिडकीवर उभंच राहू नका. कॅन्टोन्मेंटच्या जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे जीएलआरमध्ये असते आणि ती यंत्रणा संरक्षण खात्याची आहे.

मिळकत पत्रिका कुणालाही मिळते. तुम्ही मालक, भाडेकरू, वारस असायची गरज नाही. आजची पत्रिका ऑनलाइन निघते, पण तुम्हाला हवी आहे जुनी, हाताने लिहिलेली, जिच्यात फेरफार, म्हणजे हक्कातले बदल, एकाखाली एक नोंदलेले असतात. त्यासाठी नगर भूमापन म्हणजेच सिटी सर्व्हे कार्यालयात नकलेचा अर्ज करा आणि स्पष्ट लिहा: "सि.स.नं. अमुक, सुरुवातीपासूनच्या सर्व नोंदींसह मिळकत पत्रिका व चौकशी नोंदवहीचा उतारा." 'चौकशी नोंदवही' हा शब्द विसरू नका. सिटी सर्व्हे झाला तेव्हा जागा कुणाच्या ताब्यात होती, कुठल्या हक्काने होती, याची पहिली नोंद तिच्यात असते. न मागता ती कुणी देत नाही.

इथे लोक हमखास फसतात. पत्रिका जागेची असते, इमारतीची नव्हे. मागच्या वर्षी एक काका पत्रिका घेऊन आले. बोट ठेवलेलं, 1938 च्या नोंदीवर. "म्हणजे वाडा 38 सालचा ना?" नोंद वाचली तर 'वारसाने' एवढंच. कुणी तरी गेलं आणि मुलांची नावं लागली, इतकाच त्याचा अर्थ. वाडा त्याआधी पन्नास वर्षं उभा असेल किंवा नंतर पाडून पुन्हा बांधला असेल, पत्रिकेला त्याचं सोयरसुतक नाही.

बांधकामाचं वय काढायचं तर महापालिकेच्या कर आकारणीकडे जा. आकारणी पहिल्यांदा कधी झाली, मजले किती लिहिले, 'नवीन बांधकाम' किंवा 'वाढीव बांधकाम' असा शेरा कधी पडला, हे जुन्या आकारणी वहीत कळतं. मंजूर नकाशे बांधकाम विभागात असतात, पण फार जुन्या वाड्यांना ते नसतातच, त्यांच्यामागे धावू नका.

खरेदीखतासारख्या नोंदणी झालेल्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालय. ऑनलाइन शोध अलीकडच्या दस्तांपुरता. त्याआधीचे सूची क्रमांक 2 मधून, म्हणजे दस्तांच्या मिळकतवार यादीतून, गाव आणि वर्ष धरून हुडकावे लागतात. स्थावर मिळकतीचे दस्त असतात त्या पुस्तक क्रमांक 1 ची नक्कल फी भरून कुणीही मागू शकतो. नोंदणी अधिनियम, 1908 चं कलम 57 तेच सांगतं. त्याच कलमात आणखी एक सोय आहे, जी खिडकीवरचे लोकही कधी कधी नाकारतात. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल, ते मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत इतरांना मिळत नाही, पण त्याच्या मृत्यूनंतर कुणीही अर्ज करू शकतो. मृत्यूचा दाखला जोडा. वाड्याच्या वाटण्या कशा झाल्या, माडी कुणाला आणि परसातली खोली कुणाला, हे बऱ्याचदा मृत्युपत्रातच उलगडतं.

कुठेच दाद लागली नाही की माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर साधारण 150 शब्दांत. हा महाराष्ट्राचा नियम आहे. कारण सांगायची गरज नाही. 'का', 'कसे', 'कधीपासून' असे प्रश्न विचारू नका, अभिलेखाचं नाव घेऊन प्रत मागा. त्याहून बरं म्हणजे अभिलेख पाहण्याची मागणी करा. समोर वही उघडली की जे दिसतं ते नकलेत कधीच येत नाही.

मुदतीचा घोळ मात्र दर वेळी होतो. 30 दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोचल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील पुढच्या 30 दिवसांत, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह. लोक सौजन्याने दोन-तीन महिने वाट पाहतात आणि मुदत घालवून बसतात. एवढं सौजन्य नको. दुसऱ्या अपिलाला 90 दिवस आहेत.

'अभिलेख उपलब्ध नाही' या उत्तरावर गप्प बसू नका. पुण्यात याला एक हुकमी जोड असते: "पानशेतच्या पुरात गेलं." 12 जुलै 1961 ला नदीकाठच्या पेठांतलं बरंच काही गेलं, खरंच गेलं. पण पाणी जिथे पोचलंच नव्हतं तिथली दप्तरंही त्या पुरात वाहून गेल्याचं मला ऐकवलं गेलंय. अशा वेळी अभिलेख नष्ट केल्याची नोंदवही मागा. नष्ट केलं असेल तर नोंद हवी. नोंद नसेल तर पुन्हा शोधायला सांगा.

पेशवाईपर्यंत मागे जायचं असेल तर पुणे पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर. तिथे ओळखपत्रासोबत संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं शिफारसपत्र न्या, विषय नेमका लिहून. त्या काळी शहरातल्या घरजागेच्या खरेदी-विक्रीवर कोतवालाची नजर असे, त्यामुळे कोतवाली कागदांची चौकशी जरूर करा. रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सुटून कागद समोर येतो तो मोडीत. वाचून देणं हे दप्तराचं काम नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिका किंवा जाणकार गाठा. आणि तारखेला घाबरू नका: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, एकूण सुहूर सन 1171; जुन्या मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहिलं जाणारं हे वर्ष. त्यात 599 मिळवा, इसवी सन 1770 आलं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे कागद जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600 मिळवायचे.