तिळातिळाने वाढणारा वीरगळ

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून जाताना एखाद्या बांधावर, नाहीतर मारुतीच्या देवळाला टेकून, शेंदूर फासलेली कोरीव शिळा दिसते. चौकशी केली तर गावातलं कुणीतरी जाणतं माणूस सांगतं, "हा देव दरवर्षी तिळातिळाने वाढतो." दुसऱ्या गावात नेमकं उलट ऐकायला मिळतं: तिथला देव तिळातिळाने जमिनीत चाललाय. दोन्ही गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत. कारण चुकीचं लावलं असेल, पण पाहणाऱ्यांचे डोळे चुकलेले नसावेत.

आधी हा देव कोण ते पाहू. तो बहुतेक वेळा वीरगळ असतो, म्हणजे गुरं पळवणाऱ्या टोळीशी किंवा गावावर चालून आलेल्यांशी लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाशी पडलेला वीर, कधी शेजारी गायी. त्यावरच्या चौकटीत लढाई. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर कीर्ती टिकावी म्हणून. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ सापडतात. आपल्याकडच्या बहुतेकांवर मात्र अक्षर नसतं. नावच उरलं नाही, की पडलेल्या वीराचा गावदेव व्हायला फार पिढ्या लागत नाहीत.

आता वाढीकडे. दगड स्वतः वाढत नाही. तो आपला नेहमीचा काळा पाषाण, बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजून झालेला. हलते ती त्याच्या खालची माती.

सोलापूरची मालदांडी ज्वारी ज्या मातीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर पिकते, ती काळी माती याच बेसाल्टची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. कोरडेपणी एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर साधारण 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाऊस पडला की मध्ये पाणी शिरतं आणि हे अंतर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. असे अब्जावधी पापुद्रे एकदम फुगले की घराच्या भिंतीला तडा जातो, हे काळ्या रानात बांधकाम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पुढच्या पावसात खालची माती फुगते खरी, पण भेग आधीच भरलेली असते. जागा न मिळाल्याने ती आजूबाजूला आणि वर रेटली जाते, आणि सोबत दगडगोटेही वर येतात. कितीही वेचले तरी रानात दगड उगवतातच, ही शेतकऱ्यांची तक्रार त्यामुळे अगदीच काल्पनिक नाही. पुरुषभर उंचीची जड शिळा मात्र सहसा वर येण्याऐवजी कलते, कारण ओल चारी अंगांना सारखी नसते. बांधाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खालची बाजू लवकर सुकते.

तरी माझ्या मते बऱ्याच 'वाढत्या' देवांचं कारण याहून साधं असावं: धूप. उताराच्या माळावर पावसाच्या सरी माती वाहून नेतात आणि शिळा उघडी पडत जाते. ओळखायची खूण तिच्या पायथ्याशीच आहे. वीरगळ घडवताना जमिनीत पुरायचा भाग बऱ्याचदा ओबडधोबड ठेवत. तो न घडवलेला भाग आज वर दिसत असेल, तर माती गेली किंवा दगड सरकला. उलट तळाची चौकट अर्धी गाडली गेली असेल, तर नांगरणीने आणि वाहून आलेल्या मातीने बांध चढला, किंवा शिळा खचली. पुष्कळ वीरगळ नंतर उचलून देवळापाशी आणून ठेवलेले असतात. तिथे या खुणेवर विसंबू नये.

वाढीचा एक प्रकार मात्र अक्षरशः खरा आहे. शेंदूर हे बहुधा शिशाचं ऑक्साइड असतं. ते तेलात कालवून लावलं की काही तेलं हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतात आणि शिसं ही क्रिया आणखी वेगाने घडवतं. थरावर थर चढतात, अंगाने देव जाड होतो, आणि वीराच्या हातातली तलवार दिसेनाशी होते. ज्यांच्यावर शेंदूर नाही त्यांचं कोरीवकाम वेगळ्या कारणाने पुसट होतं. वैशाखात तापलेल्या काळ्या दगडावर वळवाची सर कोसळली की पृष्ठभाग झटकन आकसतो, आतला भाग तसाच गरम राहतो आणि बारीक तडे वाढतात. दगडफुलाच्या जातकुळीतली शैवाकं आम्ल सोडून त्या तड्यांत शिरतात. भीमा-सीना संगमावरच्या कुडलच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवरचा शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, मराठी लेख आजही वाचता येतो. छपराखालच्या दगडाला उघड्या रानातल्या दगडाइतका मार बसत नाही.

शिळा कलली की गावकरी प्रेमाने तिच्याभोवती सिमेंटचा ओटा बांधतात. इथे थोडं थांबावं. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, पृष्ठभागाजवळ त्यांचे स्फटिक होतात आणि कोरीव पापुद्रा सुटू लागतो. खालची काळी माती फुगायची थांबत नाही ती नाहीच. त्यापेक्षा शिळेपासून पाणी दूर जाईल असा उतार काढून द्यावा. पाया उकरून मुरूम भरायची वेळ आलीच, तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवावं, कारण गाडलेल्या भागावर एखादी ओळ कोरलेली निघू शकते.