वर्ड फाइलींची संगणकांमधली देवाणघेवाण

एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर तसाच उघडावा, वाचता यावा आणि दुरुस्तही करता यावा, यासाठी पाळायची पद्धत. कोकणात तिची गरज रोजची आहे. गावच्या उत्सव मंडळाचा अहवाल तालुक्याच्या डीटीपी केंद्रात विंडोजवर टंकला जातो, मुंबईतले चाकरमानी तो मोबाइलवर किंवा मॅकवर तपासतात आणि छपाईला तो चिपळूण, कुडाळ किंवा सावंतवाडीला जातो. फाइल क्षणात पोचते. अडते ते अक्षरांपाशी.

जुन्या फाँटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’च्या जागी ‘क’ आणि ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी आहे. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठते ते रोमन अक्षर. मराठी दिसते ते केवळ फाँटमुळे. तो फाँट नसलेल्या संगणकावर म्हणूनच अर्थहीन रोमन ओळी उमटतात. फाइल जुन्या फाँटची आहे का, हे ओळखायला एक परिच्छेद निवडून त्याला मंगल फाँट द्यावा. मराठी टिकले तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत; रोमन अक्षरे आली तर जुना फाँट.

अशा फाइलीचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि परिवर्तक, म्हणजे हे रूपांतर करणारा प्रोग्राम, नेमक्या त्याच फाँटसाठी बनवलेला हवा, कारण प्रत्येक फाँटची जागावाटणी वेगळी. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठतात, युनिकोडमध्ये उच्चारल्या जातात त्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार दिसतो व्यंजनानंतर, पण त्याचा ‘र्’ आधी साठतो. परिवर्तकाने हा क्रम उलटवला नाही, की ‘रत्नागिरी’चे ‘रत्नािगरी’ आणि ‘सिंधुदुर्ग’चे ‘िसंधुदुगर्’ होते. पीडीएफमधून मजकूर उचलतानाही हाच दोष दिसतो. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीतच. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते आधी बाजूला काढावेत. नाहीतर परिवर्तक त्यांनाही जुन्या फाँटची अक्षरे समजून निरर्थक देवनागरी करून टाकतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा पट्टा दिलेला आहे. तो सगळीकडे एकच असला तरी मराठीची एक खास अडचण उरते: ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. किनारपट्टीच्या मजकुरात दोन्ही शब्द हवेतच. हा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह; दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही दिसतात सारखेच, पण दोघांनी दोन पद्धतींनी टंकले तर ‘किनाऱ्यावर’ शोधताना निम्म्या जागा सुटू शकतात. पहिली पद्धत ठरवून घ्यावी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरप्या रेघेची कळ दाबली की ‘ऱ्य’ मिळतो.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी त्याला दिलेला फाँट समोर नसेल तर प्रणाली स्वतःच दुसरा लावते. मंगल विंडोजचा फाँट. लिनक्सवर तो मुळात नसतो, आणि विंडोज १० मध्येही तो ऐच्छिक पूरक फाँटांत गेला आहे. त्याच्या ओळींची उंची मोठी असल्यामुळे बदली फाँट लागताच अहवालाची पाने कमी-जास्त होतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात. सर्वांनी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा मोफत फाँट आपापल्या संगणकावर बसवणे हा खरा उपाय. फाँट फाइलीत अंतर्भूतही करता येतो: वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’ विभागात, लिबरऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘फाँट’ पानावर. मात्र फाँटच्या परवान्याची मुभा लागते आणि फाइल जड होते.

देवनागरीचा फाँट आणि आकार फाइलीत रोमनपेक्षा वेगळा नोंदला जातो. त्यामुळे एका प्रोग्राममध्ये १४ ठेवलेला मराठी मजकूर दुसऱ्यात १२ दिसू शकतो. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडावी.

फाइलीचा प्रकार निवडताना पुढे दुरुस्ती होणार का, एवढे पाहावे. डॉक्स हा वर्डचा ऑफिस २००७ पासूनचा प्रकार, ओडीटी हा लिबरऑफिसचा. जुना डॉक टाळावा. डॉक्स म्हणजे आत एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फाइली असलेली झिप, म्हणजे आवळून बांधलेली फाइल. पावसाळ्यात वीज जाऊन किंवा पेनड्राइव्ह मध्येच ओढल्याने ती उघडेनाशी झाली, तर तिची प्रत काढून प्रतीच्या नावाच्या शेवटच्या ‘डॉक्स’च्या जागी ‘झिप’ करावे आणि ती उलगडावी. आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलीतून मजकूर वाचवता येण्याची शक्यता असते. छपाईला मात्र पीडीएफच द्यावी.

जमाखर्चाचे आकडे स्पेसबार दाबून ओळीत आणू नयेत. फाँट बदलला की रुपयांचे स्तंभ वाकडे होतात आणि देणगीदारांच्या नावापुढे भलतीच रक्कम दिसते. तक्ता वापरावा. पानाचा आकार ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आधीच नक्की करावा. अमेरिकी ‘लेटर’ पान १८ मिलिमीटरने आखूड असते.

मालवणीतल्या मजकुराखाली प्रोग्राममधला शुद्धलेखन तपासनीस लाल रेघा ओढतो. ‘माका’, ‘खंय’ हे शब्द शब्दकोशात घातले तरी ती नोंद बहुधा त्याच संगणकावर राहते, फाइलीबरोबर जात नाही. त्या भागाची शुद्धलेखन तपासणी बंद करणे बरे, म्हणजे दुसऱ्या टोकाला कोणी चांगली मालवणी ‘सुधारत’ बसणार नाही.

व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, पानाचा फोटो काढून नव्हे. नावात तारीख घालावी, आणि एका वेळी एकानेच दुरुस्ती करावी, केलेले बदल दाखवणारे ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून. गुगल डॉक्सवर अनेकांना एकत्र काम करता येते, पण डोंगराआडच्या वाड्यांमध्ये रेंज जाते. तिथे ऑफलाइन प्रत आधी उतरवून ठेवावी लागते.