पार्श्वभूमी : सत्तराव्या सप्तकाचा घोळ

शेवटच्या काळाबद्दल दोन ख्रिस्ती माणसे वाद घालायला बसली, की सुरुवात प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, विसाव्या अध्यायापासून होते. तिथली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षे खरी की लाक्षणिक, ख्रिस्त त्यांच्या आधी येणार की नंतर, वगैरे. अर्ध्या तासाने बघावे तर दोघेही जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, शेवटच्या चार वचनांत अडकलेले असतात. सात वर्षांचे महासंकट, ख्रिस्तविरोधकाचा करार, यरुशलेमेत पुन्हा उभे राहणारे मंदिर, त्याआधीच मंडळीचे (खऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचे) स्वर्गात उचलले जाणे, हे आज सर्वाधिक कानावर पडणारे चित्र प्रकटीकरणातून आले असा समज आहे. प्रकटीकरणात बेचाळीस महिने आहेत, १२६० दिवस आहेत. संकटकाळ सात वर्षांचा असे तिथे एकदाही म्हटलेले नाही. सात आले ते दानीएलाकडून, आणि तेही एका निर्णयामुळे: तिथल्या सत्तर सप्तकांपैकी (सप्तक म्हणजे सात वर्षे) सत्तरावे आधीच्या एकोणसत्तरांपासून तोडण्याच्या.

जुना काळ भराभर उरकतो. पहिल्या दोन-तीन शतकांत पृथ्वीवरच्या खऱ्याखुऱ्या हजार वर्षांच्या राज्याची अपेक्षा बरीच प्रचलित होती. आशिया मायनरमधल्या एका बिशपाने तर त्या राज्यात प्रत्येक द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या आणि प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या फुटतील, अशी शिकवण नोंदवून ठेवली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराच्या बिशपाला असल्या मेजवानीच्या वर्णनांचा वीट आला. आधी तोही त्याच मताचा होता. त्याने हजार वर्षांचा अर्थ ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा मंडळीचा काळ असा लावला. पश्चिमेत तोच अर्थ रुळला आणि कॅथलिक मंडळीत आजही तोच धरला जातो. जुलै १९४४ मध्ये रोमहून निर्णय झाला की, शेवटच्या न्यायाआधी ख्रिस्त दृश्य रूपाने राज्य करायला येईल ही कल्पना सौम्य स्वरूपातही निर्धोकपणे शिकवता येणार नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी प्रकटीकरण शास्त्रात घेतले ते उशिरा आणि काहीसे नाखुशीने. त्यांच्या उपासनेतल्या वाचनांत ते अजूनही नाही.

मध्ययुगात आकडेमोड परत आली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इटलीतल्या एका मठाधिपतीने १२६० या आकड्यावर युगांची मांडणी उभी केली, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी इ.स. १२६० कडे डोळे लावले. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांतल्या एकेका वचनाचा आधार घेऊन ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हा नियम पक्का होत गेला. धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंटांनी प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या, म्हणजे देवाविरोधी सत्तेच्या, जागी पोपची सत्ता बसवली आणि मंडळीचा सगळा इतिहासच भविष्यवाणीचे वेळापत्रक म्हणून वाचला. त्याला उत्तर देणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघातल्या दोन स्पॅनिश पंडितांनी दोन उलट्या वाटा धरल्या. एकाने बहुतेक सगळे अगदी शेवटच्या थोड्या वर्षांत ढकलले, दुसऱ्याने बहुतेक सगळे पहिल्या काही शतकांतच घडून गेले असे दाखवले. दोन्ही वाटांनी पोप सुटत होता. यातली पहिली वाट आज सर्वांत जोमाने चालतात ती प्रोटेस्टंट माणसे, ही त्यातली गंमत.

आता ती चार वचने. गब्रीएल हा देवदूत दानीएलाला सांगतो की तुझे लोक आणि तुझे पवित्र नगर यांच्यासाठी सत्तर सप्तके नेमली आहेत. सप्तक म्हणजे सात वर्षे, एकूण ४९०. इथवर फारसा वाद नाही. त्यांचे तुकडे तीन: सात, बासष्ट आणि एक. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघाल्यापासून मोजणी सुरू होते. बासष्ट सप्तकांनंतर अभिषिक्ताचा (हिब्रूत मशीहाचा) वध होतो, आणि येणाऱ्या अधिपतीचे लोक नगर व पवित्रस्थान उद्ध्वस्त करतात. मग सत्ताविसावे वचन: तो पुष्कळांशी एक सप्तकाचा करार पक्का करील आणि सप्तकाच्या मध्यावर यज्ञ व अर्पण बंद करील.

पहिला प्रश्न आज्ञा कोणती हा. इराणी राजा कोरेशाची इ.स.पू. ५३८ ची, पुढच्या अर्तहशश्त राजाने यहुदी पुढारी एज्राला दिलेली ४५७ ची, की नहेम्याला दिलेली ४४५ ची? ४५७ धरा, त्यात एकोणसत्तर सप्तकांची ४८३ वर्षे मिळवा, मध्ये शून्य वर्ष नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे इ.स. २७ येते, येशूच्या बाप्तिस्म्याच्या आसपासचे. ४४५ धरले तर इ.स. ३९ येते आणि ते कशालाच जुळत नाही. तोवर येशूला क्रुसावर देणारा रोमी सुभेदार पिलातही यहूदियातून गेलेला होता. यावर तोड काढली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन पोलिसांतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने. बेचाळीस महिने म्हणजे १२६० दिवस, तेव्हा भविष्यवाणीचा महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे. ४८३ गुणिले ३६०, बरोबर १,७३,८८० दिवस. ते त्याने १४ मार्च इ.स.पू. ४४५ पासून मोजले आणि ६ एप्रिल इ.स. ३२ ला, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला त्या दिवसावर, आणून पोचवले. १९७७ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाने सुरुवात ४४४ ला नेऊन शेवट ३३ ला आणला. पद्धत तीच, फक्त एक वर्ष सरकवलेले. तपासाची सवय असलेल्या माणसाला असा हिशेब का भुरळ घालतो ते कळते. पण ज्या लोकांचे सण ऋतूंशी बांधलेले होते, ते पावणेपाचशे वर्षे ३६० दिवसांच्या वर्षाने चालले नसणार, हेही तितकेच उघड आहे.

दुसरा घोळ विरामाचा. हिब्रू पाठाला नंतरच्या काळात ज्यांनी स्वर आणि विरामखुणा दिल्या, त्या यहुदी पाठकांनी पंचविसाव्या वचनात ‘सात सप्तके’ या शब्दांनंतर ठळक विराम ठेवला. तो मानला तर एक अभिषिक्त सात सप्तकांनंतरच, म्हणजे ४९ वर्षांनी येतो, आणि दुसऱ्याचा वध बासष्ट सप्तकांनंतर होतो. अभिषिक्त दोन झाले. न मानला तर सात आणि बासष्ट एकत्र येऊन एकोणसत्तर होतात आणि अभिषिक्त एकच राहतो. जुन्या ग्रीक भाषांतरकारांपासून हा मतभेद आहे आणि आजच्या भाषांतरांतही दोन्ही वाचने सापडतात. ज्यांना हे पुस्तक इ.स.पू. दुसऱ्या शतकातले वाटते ते अभ्यासक विराम मानतात आणि शेवटचे सप्तक सिरियाचा ग्रीक राजा अँटायोकस एपिफनीस याने केलेल्या यहुद्यांच्या छळाशी, साधारण १७१ ते १६४ या वर्षांशी जोडतात. चित्र सुरेख बसते, फक्त मधल्या बासष्ट सप्तकांची ४३४ वर्षे ५३८ पासून मोजली तर सदुसष्ट वर्षे जास्त भरतात. सगळ्यांच्याच हिशेबात कुठेतरी काहीतरी उरते.

तिसरा घोळ मात्र सगळ्यांत महागात पडलेला: तो ‘तो’ कोण? हिब्रूत इथे वेगळे सर्वनामही नाही, ते क्रियापदातच दडले आहे. मराठीत नुसते ‘आला’ म्हटले तर कोण ते मागच्या वाक्यावरून ठरवावे लागते, तसेच. मागच्या वाक्यात दोघे आहेत: वध झालेला अभिषिक्त आणि येणारा अधिपती. ‘तो’ म्हणजे अभिषिक्त असे घेतले, तर करार हा ख्रिस्ताचा नवा करार होतो, सप्तकाच्या मध्यावर यज्ञ बंद होणे म्हणजे त्याचे क्रुसावरचे मरण, आणि सत्तर सप्तके सलग पहिल्या शतकात संपतात. सुधारणेनंतरच्या प्रोटेस्टंट टीकाकारांत हाच अर्थ रूढ होता. ‘तो’ म्हणजे जवळचा अधिपती असे घेतले, तर करार करणारा ख्रिस्तविरोधक ठरतो, मंदिर पुन्हा हवे होते, आणि सप्तक अजून यायचे आहे.

शेवटचे सप्तक तोडणे ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच निघाली असे तिचे विरोधक पुष्कळदा म्हणतात. ते खरे नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या एका लेखकाने दानीएलावरच्या आपल्या भाष्यात शेवटचे सप्तक जगाच्या अंतासाठी राखून ठेवले होते. तो अंत त्याच्या मते इ.स. ५०० च्या सुमारास यायचा होता. नवे होते ते पुढचे.

१८३० च्या आसपास डब्लिनमधल्या एका माजी अँग्लिकन पाळकाने, बायबलमधल्या इस्राएलला दिलेली वचने इस्राएललाच पुरी व्हायची, मंडळीला त्यांत वाटा नाही, असे ठामपणे मांडले. मग मंडळीचा काळ कुठे बसवायचा? एकोणसत्तर आणि सत्तर यांच्या मधल्या फटीत. भविष्यवाणीचे घड्याळ मशीहाच्या नकाराबरोबर थांबले, मंडळी हा वाक्यातला कंस, आणि कंस मिटल्याशिवाय घड्याळ पुन्हा चालू होत नाही. कंस मिटवण्यासाठी मंडळी पृथ्वीवरून निघून जायला हवी. सात वर्षे आधीच्या, जगाला न दिसणाऱ्या उचलले जाण्याची गरज या रचनेतूनच पडली. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात मेघांत घेतले जाण्याचे वचन आहेच, पण त्यात सात वर्षांचा उल्लेख नाही. ‘प्रभूला सामोरे जाणे’ यासाठी तिथे वापरलेला ग्रीक शब्द प्रेषितांच्या कृत्यांत रोमच्या बंधुजनांसाठीही येतो: ते पौलाला भेटायला शहराबाहेर गेले आणि त्याला घेऊन परत शहरात आले. उचलले जाणे आणि ख्रिस्ताचे उघड येणे एकच मानणारे या शब्दावर फार भर देतात, आणि मला त्यात दम वाटतो.

फटीच्या बाजूनेही दोन मुद्दे आहेत. सव्विसाव्या वचनातला नगराचा नाश इ.स. ७० चा धरला, तर तो क्रुसानंतर सुमारे चाळीस वर्षांनी येतो. सलग मोजणाऱ्यांनाही तो ४९० च्या बाहेरच ठेवावा लागतो. आणि नासरेथच्या सभास्थानात यशया वाचताना येशू ‘प्रसादाच्या वर्षा’पाशी थांबला, पुढचा ‘सूड घेण्याचा दिवस’ न वाचता त्याने ग्रंथपट गुंडाळला. एका वाक्याच्या मध्यावर दोन हजार वर्षांची फट पडू शकते, याचा दाखला म्हणून फट मानणारे हा प्रसंग सांगतात.

ही मांडणी उचलली गेली त्याला वेळही कारण झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका बाप्तिस्ट शेतकऱ्याने, ४५७ पासूनच, पण दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस वर्षे धरून, ख्रिस्त कधी येणार ते मोजले होते. आधी १८४३ आले, शून्य वर्षाची चूक सुधारल्यावर १८४४, आणि अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर हा दिवस नक्की केला. काहींनी शेतातले पीक कापलेच नाही. २३ ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्यांतल्या एका गटाने दिवस बरोबर होता, पण घटना स्वर्गातल्या पवित्रस्थानातली होती, असा अर्थ लावला आणि त्यातून पुढे एक मोठी जागतिक मंडळी उभी राहिली. बाकीच्यांना दिवस-वर्षांच्या गणिताची धास्ती बसली. डब्लिनच्या पद्धतीत घड्याळच थांबलेले, म्हणून तारीख चुकण्याचा प्रश्न नाही. ख्रिस्त आज रात्रीही येईल. दुसरीकडे, सुवार्तेने जग आधी सुधारेल आणि मग ख्रिस्त येईल म्हणणारा आशावादी पक्ष अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जोरात होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्याकडे बोलायला फारसे उरले नाही.

१९०९ मध्ये कॅन्ससमधल्या एका माजी वकिलाच्या टिपांसह बायबल ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघाले. टिपा स्वतंत्र पुस्तकात असत्या तर त्या एका माणसाचे मत म्हणून राहिल्या असत्या. इथे त्या वचनांच्या खाली, त्याच पानावर होत्या, आणि वचनांमध्ये मथळे घातलेले होते. दोन पिढ्यांनी वचन आणि टीप एका दमात वाचली. फट मूळ वचनांत आहे की टिपेत, हे सांगणे बऱ्याच जणांना अवघड होऊन बसले. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा त्यांच्यापुरता निकाल लागला. येशूचा अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त इस्राएलला लावून, त्यासोबतची ‘ही पिढी’ चाळीस वर्षांची धरून, १९८८ हे वर्ष पुढे आले. त्या वर्षी एका निवृत्त अभियंत्याने सप्टेंबरमधले तीन दिवसही देऊन टाकले. तारीख सांगायचीच नाही म्हणून निघालेली पद्धत दीडशे वर्षांत परत तारखेवर आली.

त्याच पक्षाच्या आतले पेच तोवर वाढलेच होते. उचलले जाणे संकटाआधी, मध्यावर की शेवटी, यावर धर्मशिक्षणाच्या संस्था फुटल्या, नेमणुकीच्या वेळी सही करायच्या श्रद्धापत्रांत कलमे घातली गेली. अलीकडे उलटा प्रवाह दिसतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मुक्त इव्हँजेलिकल मंडळीसंघाने आपल्या श्रद्धापत्रातल्या ख्रिस्ताच्या व्यक्तिशः, सदेह आणि सहस्रवर्षपूर्व (हजार वर्षांच्या राज्याआधीच्या) येण्याच्या कलमातून ‘सहस्रवर्षपूर्व’ हा शब्द मतदानाने काढला. त्या जागी ‘वैभवी’ हा शब्द घातला.