आमंत्रण आलंय, जायचं का?

मागच्या महिन्यात एका नव्या सोशल नेटवर्किंग साइटचं आमंत्रण आलं. ‘तुमच्या ओळखीचे 11 जण इथे आधीच आहेत’, आणि खाली अकरा चेहरे. मी एकेक निरखून पाहिला. दोन जुने सहकारी, एक आतेभाऊ, शाळेतले तिघे, चार जण कोण ते काही केल्या आठवेना, आणि अकरावा चक्क नळ दुरुस्त करून गेलेला माणूस.

मी त्या साइटवर पाऊलही टाकलं नव्हतं, मग तिला हे कसं कळलं? खातं उघडताना बरेच जण फोनमधली संपर्कयादी वाचायची परवानगी देऊन टाकतात. त्यांच्या यादीत माझा नंबर होता, तेवढं पुरतं. म्हणजे आपण बाहेर राहिलो तर आपली माहितीही बाहेरच राहील, हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरवरचं लिखाण तपासलं होतं. एखादा माणूस पुढे काय लिहील याचा अंदाज त्याच्या आठ-नऊ परिचितांच्या लिखाणावरूनही बांधता येतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या लिखाणावरून बांधलेल्या अंदाजाच्या तोडीचा असतो, असं त्यात दिसलं. खासगीपणा जपायला बाहेर राहण्याचा थोडा उपयोग आहेच, पण वाटतो तेवढा नाही.

बरं, आत जाऊन मिळणार काय? साइटवाले नेहमी आकडा पुढे करतात, इतके कोटी सदस्य वगैरे. या आकड्यामागे एक जुनं सूत्र आहे. संगणक तारेने एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट तंत्राच्या जनकांपैकी एक, रॉबर्ट मेटकाफ, यांच्या नावाने ते ओळखलं जातं. दहा माणसं असली तर त्यांच्या 45 जोड्या होतात, वीस असली तर 190, शंभर असली तर 4,950. माणसं दुप्पट झाली की जोड्या साधारण चौपट, म्हणून जाळ्याची किंमतही चौपट, असा तो युक्तिवाद. यात गृहीत काय धरलंय ते पाहा. प्रत्येक जोडी सारख्याच मोलाची! 2006 मध्ये गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. बहुतेक जोड्या कधी एकमेकांशी बोलतच नाहीत, त्यामुळे जाळं दुप्पट झालं तर किंमत दुपटीहून जराशीच जास्त वाढते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पन्नास कोटी लोक तिथे असतील, माझ्या कामाचे मात्र त्या अकरांतलेच असणार, आणि तेही सगळे नव्हेत.

पण त्यातले कामाचे कोण, हे ठरवताना आपला अंदाज बहुधा उलटा पडतो. आपण जिवलग मोजतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळवलेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याने ही जागा सांगितली तो तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा? ‘वारंवार’ म्हणणारे 17 टक्क्यांच्या आसपास निघाले. निम्म्याहून जास्त म्हणाले ‘अधूनमधून’, आणि उरलेले ‘क्वचितच’. 1973 च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात याचं कारण आहे. जिवलग मंडळी आपल्याच वर्तुळात वावरतात, आपल्याला ठाऊक असतं तेच त्यांनाही ठाऊक असतं. नवी खबर येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या, पुसटशा ओळखीच्या माणसाकडून.

पुढे लिंक्डइनवर हे प्रयोगानेच तपासता आलं. ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून जी नावं सुचवली जातात, ती वेगवेगळ्या सदस्यांना वेगवेगळ्या प्रकारे दाखवली गेली. पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोक, त्यांना कल्पनाही नसताना, या प्रयोगात होते (याबद्दल काय वाटायचं ते ज्याने त्याने ठरवावं). 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती मधली ओळख. घट्ट नाही, आणि अगदीच नावापुरतीही नाही.

तेव्हा ज्यांना आपण एरवीही फोन करतो त्यांच्यासाठी साइट हवीच असं नाही. जे हातातून निसटून जातील, पण निसटू नयेत असं वाटतं, त्यांच्यासाठी ती खरी.

आत गेल्यावर मन खट्टू होतं, असं पुष्कळ जण सांगतात. त्यातला एक भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. चार माणसं घ्या. एकाची उरलेल्या तिघांशी मैत्री आहे, पण त्या तिघांची आपापसांत ओळख नाही. आता तिघांपैकी प्रत्येकाला मित्र एकच, आणि त्या मित्राला मात्र तीन! चारांतल्या तिघांना आपण मागे पडलो असं वाटणार, कारण लोकप्रिय माणूस सगळ्यांच्याच यादीत डोकावतो. 1991 मध्ये समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी ही गंमत दाखवून दिली. वीस वर्षांनी फेसबुकच्या 72 कोटी खात्यांवर मोजणी झाली, तेव्हा सदस्यांचे सरासरी मित्र निघाले 190, आणि त्यांच्या मित्रांचे सरासरी मित्र 635. आपल्यापेक्षा सगळेच जास्त रमलेले दिसतात, ते असं.

आता मुद्द्याची गोष्ट. एखाद्या फुकट गोष्टीची माणसाला किती किंमत आहे, हे कसं मोजायचं? अर्थशास्त्रज्ञ सरळ विचारतात, सोडायचे किती घ्याल? अमेरिकेत 2018 मध्ये फेसबुक वापरणाऱ्यांना चार आठवडे खातं बंद ठेवण्याचे पैसे विचारले, तर मधला आकडा 100 डॉलरच्या घरात आला. यावरून साइट माणसाला फारच मोलाची, असं कुणीही म्हणेल. पण ज्यांनी खरोखर बंद ठेवलं त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, मनःस्थिती थोडी सुधारली, आणि महिना उलटल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला. बातम्यांचं ज्ञान मात्र घटलं, हेही सांगायला हवं.

मग सोडायला एवढे पैसे का मागितले? अर्थशास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने 2023 मध्ये प्रश्न जरा वाकवला आणि गुपित बाहेर आलं. महाविद्यालयीन मुलांना विचारलं, बाकीचे सगळे टिकटॉकवर असताना तू एकट्याने चार आठवडे सोडायचं, किती घेशील? सरासरी उत्तर 59 डॉलर. इन्स्टाग्रामसाठी 47. मग विचारलं, तुझ्यासकट सगळ्यांनीच बंद ठेवलं तर? त्यासाठी मुलं उलट पदरचे पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी 28 डॉलर, इन्स्टाग्रामसाठी 10. म्हणजे ते 59 डॉलर साइटवर मिळणाऱ्या सुखाचे नव्हतेच, एकटं पडण्याच्या भीतीचे होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत.

त्यामुळे ‘फायदा आहे का’ या एका प्रश्नाचे मी दोन केले. तिथे मला काय मिळेल, हा एक. तिथे नसलो तर माझं काय चुकेल, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मनात नेहमी फुगलेलं असतं, आणि ते घरी बसून तपासता येत नाही. म्हणून मी अकरांपैकी ओळख पटलेल्या सहा जणांना विचारलं (नळवाल्याला विचारायचा धीर झाला नाही). तिघांनी पहिल्या आठवड्यानंतर साइट उघडलेली नव्हती, त्यातल्या एकाला तर पासवर्डही आठवत नव्हता. आतेभाऊ नुसता बघत बसतो म्हणाला. शाळेतल्या तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. एका जुन्या सहकाऱ्याने मात्र सांगितलं, की आमच्या आधीच्या ऑफिसातली विखुरलेली तीसेक माणसं तिथे आहेत आणि कुठे जागा निघाली की पहिल्यांदा तिथे टाकतात. ही नेमकी ग्रॅनोव्हेटर यांची माणसं.

खातं उघडण्याआधी एकच पाहिलं, ते काढून कसं टाकायचं. कारण साइटही मरतात. जानेवारी 2004 मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, गुगल प्लस तर आठ वर्षंही टिकलं नाही. इथे मदतीच्या पानावर ‘खातं तात्पुरतं बंद करा’ ठळक अक्षरांत होतं, आणि ‘कायमचं काढून टाका’ तीन पानं आत.

नोंदणीच्या दुसऱ्या पडद्यावर साइटने फोनमधली संपर्कयादी मागितली. परवानगीचं बटण हाताच्या अंगठ्याएवढं, त्याखाली करड्या बारीक अक्षरांत ‘आत्ता नको’. मी ‘आत्ता नको’ दाबलं. पुढच्या पडद्यावर ओळखीची माणसं सुचवली होती, आणि सगळ्यांत वर होता नळवाला.