मोकळा वेळ दिला की नवा व्यवसाय उभा राहतो?

‘कर्मचाऱ्यांना आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या, कंपनीत नवे व्यवसाय आपोआप उगवतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कल्पना अशा वेळात सुचतातही. अडतं ते पुढे. नमुना बनवायला पैसे लागतात, आणि ते चालू विभागाच्या बजेटमधून मागितले की तिमाहीच्या विक्रीपुढे नवं काम मागे पडतं. म्हणून वेगळा निधी, पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ आणि टप्प्याटप्प्याने पैसे सोडणारी समिती लागते; ग्राहक खरंच घेतोय असं दिसलं, तर पुढचा हप्ता. पडताळायचंय? आपल्या कंपनीत विचारा: पैसे कोणाच्या खात्यातून येतात, शेवटचा प्रकल्प कोणी आणि का थांबवला, यशस्वी ठरलेला कोणत्या विभागाने सांभाळला? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते.