शब्बाथशाळेत कातर कशी आली

ईस्टरच्या आदल्या शनिवारी ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या मराठी चर्चच्या हॉलमध्ये डोकावलं, तर सतरंजीवर पुठ्ठा, क्रेप कागद आणि डिंकाच्या बाटल्यांचा पसारा दिसतो. कोणी येशूची रिकामी कबर करतंय, कोणी बुकमार्कवर सुवर्णवचन लिहितंय. मग हे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गातच का होत नाही? शिक्षिका सांगतात, रविवारी वेळ पुरत नाही. आजी मंडळी वेगळंच सांगतात, आणि त्यांचं उत्तर वर्गाच्या नावातच आहे.

मराठी प्रॉटेस्टंट घरांत या वर्गाला ‘शब्बाथशाळा’ म्हणतात. खरं तर शब्बाथ म्हणजे शनिवार. यहुदी लोकांचा तो विसाव्याचा दिवस शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी सूर्यास्ताला संपतो. मराठी बायबलमध्येही शब्बाथ आणि ‘आठवड्याचा पहिला दिवस’ वेगळे आहेत. येशूचं पुनरुत्थान झालं ते या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी. मग रविवारच्या शाळेला शब्बाथ कसा चिकटला? त्या काळच्या इंग्रज आणि अमेरिकन प्रॉटेस्टंटांमुळे. त्यांच्यातले कित्येक जण रविवारलाच शब्बाथ म्हणत आणि तो तितक्याच कडकपणे पाळत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि पुढे नगरकडे पसरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्याकडचा शब्द सोबत आणला, आणि तो मराठीत मुरला. त्यात आणखी एक गुंता आहे. शनिवार पाळणारी ख्रिस्ती मंडळीही आपल्या शनिवारच्या वर्गाला शब्बाथशाळाच म्हणतात. म्हणजे एकच शब्द, दोन वार. कॅथलिक घरांत हा प्रश्नच येत नाही, तिथे ‘कॅटेकिझम’, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग असतो.

वाद नुसत्या शब्दाचा असता तर सोडून देता आला असता. पण शब्बाथ म्हटलं की ‘काम नको’ आलंच. इंग्लंडातल्या कडक घरांत रविवारी खेळणी कपाटात जात. नोहाच्या तारवाला तेवढी सूट, कारण ते बायबलमधलं. तीच शिस्त आपल्याकडच्या जुन्या पिढीत उतरली. रविवारी सुई-कातर हातात घ्यायची नाही, हे अनेक आज्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं. मग मुलांनी रविवारी कागद कापायचे का? बऱ्याच ठिकाणी तोडगा निघाला तो शनिवारचा, आणि तो निघाला तेव्हा कोणाला हसू आलं नाही याचं मला नवल वाटतं. ज्या स्त्रियांनी येशूच्या देहासाठी सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली होती, त्याही शब्बाथ होता म्हणून थांबल्या आणि पहिल्या दिवशी पहाटे कबरेकडे गेल्या. तो थांबण्याचा दिवस शनिवारच! विसावा जपायचा म्हणून आपण खऱ्या शब्बाथालाच कातर चालवतो.

मुळात या शाळांचा हस्तकलेशी काही संबंध नव्हता. १७८० च्या सुमारास इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमधल्या एका वृत्तपत्रवाल्याने त्या चालवल्या त्या गरीब, कामकरी मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. सहा दिवस राबणाऱ्या मुलांना मोकळा वार एकच. कागदाच्या घड्या, कातरकाम हे सारं एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन बालवाडीतून आलं. आमच्या लहानपणी तर फ्लॅनेलच्या फळीवर चिकटणारी चित्रं होती. ती बाई लावायच्या, आम्ही नुसतं बघायचं.

ठाण्यात १८२५ मध्ये अभिषेक झालेलं अँग्लिकन चर्च आहे आणि तलावपाळीजवळचं कॅथलिक चर्च त्याहून कितीतरी जुनं. नवी मुंबईचं तसं नाही. १९७० नंतर नोड, म्हणजे आखून वसवलेले भाग, वसत गेले, नगर, सोलापूर, कोल्हापूरकडची कुटुंबं नोकरीसाठी आली आणि वाशी-नेरूळकडे उपासना आधी कोणाच्या घरी, मग भाड्याच्या हॉलमध्ये. भाड्याच्या हॉलमध्ये डिंक सांडून चालत नाही, त्यामुळे स्वतःची जागा होईपर्यंत हस्तकला मागेच राहिली.

मग थर्माकोल आला आणि सगळ्या कबरी पांढऱ्या शुभ्र झाल्या. कापायला सोपा, रंगवायला सोपा, आणि कबरेच्या तोंडावरची धोंड म्हणून गोल तुकडा लावला की काम झालं. (‘धोंड’ म्हणजे काय ते मात्र दरवर्षी समजावून सांगावं लागतं.) २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली, ईस्टर होता १ एप्रिलला. त्यानंतर पुठ्ठा परतला, आणि माझ्या मते बरंच झालं. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलचा, ऐन टाळेबंदीतला. दुकानं बंद, म्हणून मुलांनी कणकेच्या कबरी केल्या आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले.

आता तयार किट मिळतात आणि त्यांतून अंडी, ससे येतात. अंड्याला निदान इतिहास आहे: उपवासकाळात युरोपात अंडी वर्ज्य असत, ईस्टरला ती पुन्हा ताटात येत, पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती रक्ताची खूण म्हणून लाल रंगवतात. ससा जर्मनीकडचा, आणि चार वर्षांच्या पोराला कबरेशी त्याचं नातं काय ते मला अजून समजावता आलेलं नाही.

त्यापेक्षा कुंडी बरी. पसरट मातीच्या कुंडीत बोळकं आडवं पुरून कबर करायची, तोंडाशी दगड, भोवती गहू पेरायचा. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन मुलांना हाताने कळतं. ‘हे तर घटासारखं दिसतं’ अशी कुजबुज होते. होऊ दे, गहू सगळ्यांच्याच मातीत उगवतो.

अडचण एवढीच की ईस्टरला हिरवं दिसायला हवं, तर पेरणी आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारीच करावी लागते. जुन्या यहुदी नियमांत शब्बाथाला मना केलेल्या कामांची यादी पेरणीपासूनच सुरू होते, पण त्यावर आजवर एकाही आजीने हरकत घेतलेली नाही.